दोघांचीही पावलं पाठ हवीत

गेल्या अंकातल्या मुलाखतीत माहीमच्या एका बॉलरूम डान्स शिक्षिकेने आपल्या व्यवसायाची ओळख करून दिली होती. त्यावर पत्रं पुष्कळ आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता: हे शिकवायला कसं शिकायचं? निवडक प्रश्नांना त्यांनीच दिलेली ही उत्तरं. – संपादक

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, आयटीत नोकरी करते. चार वर्षं सालसा आणि बचाटा शिकतेय, शनिवार-रविवार स्टुडिओत असिस्टही करते. नोकरी सोडून बॉलरूमची प्रोफेशनल शिक्षिका व्हायचं मनात आहे. आमचे सर म्हणतात, तीन महिन्यांचं इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट केलंस की झालं. खरंच एवढं सोपं आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नोकरी सोडू नकोस. निदान यंदा तरी नाही. खाजगी तासांची फी भरायला तोच पगार लागणार आहे.

सालसाची चार वर्षं वाया जाणार नाहीत. ताल कानात बसलाय, परक्या माणसाचा हात धरायची भीड चेपली आहे, आणि असिस्ट करताना नवशिके कुठे अडतात तेही पाहिलं असशील. पण शिक्षकांच्या जगात बॉलरूम म्हटलं की दहा नाच येतात. स्टँडर्डमध्ये वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप. लॅटिनमध्ये सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. सालसा यात नाही, बचाटा तर नाहीच. शिवाय ही झाली इंग्लिश पद्धत. अमेरिकेत स्मूथ आणि रिदम अशी वेगळी घडी आहे. तिथे बोलेरो आणि मॅम्बो असतात, आणि स्मूथमध्ये जोडीला एकमेकांना सोडून नाचायची मुभा असते. स्टँडर्डमध्ये एकदा होल्ड घेतला, म्हणजे जोडीने एकमेकांना धरलं, की तो शेवटपर्यंत सुटत नाही. मुंबईत दोन्ही शिकवणारे भेटतात, आणि दोन्हींची सरमिसळ करणारेही भेटतात. पहिल्या दिवशीच विचार, 'सर, पद्धत कुठली?' सर उत्तर देताना अडखळले तर चपला घालून बाहेर ये.

आता ते तीन महिन्यांचं सर्टिफिकेट. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच असेल तर तो कागद म्हणजे फी भरल्याची पावती, एवढंच समज. जगभर चालणारी शिक्षक-परीक्षा प्रामुख्याने इंग्लंडच्या मंडळांची. इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग, म्हणजे आयएसटीडी, १९०४ साली लंडनमध्ये स्थापन झाली आणि तिची बॉलरूम शाखा १९२४ मध्ये सुरू झाली. दुसरं मोठं मंडळ आयडीटीए, १९६७ चं. शिक्षकांच्या पायऱ्या ढोबळमानाने असोसिएट, लायसन्शिएट आणि फेलो. त्याआधी हौशी मंडळींसाठी मेडल टेस्ट असतात: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. बॉलरूमची, म्हणजे इथे स्टँडर्डची, परीक्षा वेगळी, लॅटिनची वेगळी. सालसावरून येणाऱ्यांना आधी लॅटिन करावंसं वाटतं. मी म्हणेन, आधी स्टँडर्ड कर. लॅटिनमध्ये कंबर हलली की पायाची चूक झाकून जाते. वॉल्ट्झमध्ये काहीच झाकता येत नाही.

परीक्षेत नाचून दाखवावं लागतंच, जोडीदाराबरोबर आणि एकटीने, लीडर (नाच पुढे नेणारा) म्हणूनही आणि फॉलोअर (त्याच्या चालीने जाणारी) म्हणूनही. पण माझ्या पाहण्यातली बरीच चांगली नाचणारी मुलं गडबडली ती तोंडी परीक्षेत. परीक्षक टेबलामागून शांतपणे विचारतात, 'वॉल्ट्झ, नॅचरल टर्न, फॉलोअरची चौथी स्टेप. पाय कुठला? तोंड कुठे? आधी काय टेकतं?' आणि जन्मभर लीडर म्हणूनच नाचलेला मुलगा छताकडे बघायला लागतो.

ही नॅचरल टर्न जरा सविस्तर सांगते, म्हणजे अभ्यास कसला असतो ते कळेल. उजवीकडे वळणारी ही गिरकी. सहा पावलं, दोन बार, म्हणजे तीन-तीन मात्रांचे दोन गट. आपल्याकडच्या मुलांना मी दादऱ्याचं एक आवर्तन म्हणून सांगते, सहा मात्रा, पटकन बसतं. पहिल्या तीन पावलांत लीडर पुढे येतो आणि फॉलोअर मागे जाते. पुढच्या तिनात उलट. आता बघ, जो पुढे जातो तो वळणाच्या बाहेरच्या अंगाला असतो. त्याला जास्त वाट कापायची असते, म्हणून तो आधी वर्तुळाचा १/४ वळतो आणि पाय जुळवताना उरलेलं १/८. जो मागे जातो तो आतल्या अंगाला. त्याचं त्यानंतरचं पाऊल एकदम ३/८ वळूनच पडतं आणि धड मागाहून येऊन मिळतं. बेरीज दोघांची सारखी, वाटणी वेगळी. पुढे जाणाऱ्याची टाच आधी टेकते, मागे जाणाऱ्याचा चवडा. मागे गेलेला माणूस अंगाने वर उठू लागतो, पण दुसऱ्या पायावर वजन जाईपर्यंत त्याची टाच जमिनीवरच राहते. याला 'नो फुट राइज' म्हणतात, वहीत एनएफआर. ती टाच घाईने उचलली की तोल गेलाच.

अशी प्रत्येक फिगर, म्हणजे पावलांचा ठरलेला संच, आणि त्यातलं प्रत्येक पाऊल, दोन्ही बाजूंनी. वर तालाचे प्रश्न: वॉल्ट्झ मिनिटाला किती बार? २८ ते ३०. व्हिएनीज? ५८ ते ६०. रुंबात पहिलं पाऊल कुठल्या मात्रेवर? दोनवर, एकवर नाही. सालसावाल्यांचा पाय इथे हमखास एकवर पडतो, तुझाही पडेल.

हे सगळं पाठ कशासाठी, असं वाटेल. एक नेहमीची केस सांगते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी वॉल्ट्झ शिकायला आलेलं जोडपं. काका वैतागलेले: 'हिला मागे सरकताच येत नाही, दर वेळी माझा पाय हिच्या अंगठ्यावर पडतो.' काकू गप्प. बाहेरून बघणाऱ्यालाही तसंच वाटतं. मी काकूंच्या जागी उभी राहते, म्हणजे फॉलोअर होते, आणि दुसऱ्या बारला कळतं की काकांचं पाऊल आधी येतंय आणि अंग नंतर. पुढे येतोय याची खबर समोरच्याला छातीकडून मिळायची, ती मिळतच नाही. मिळतो तो थेट बूट. मग मी लीडर होऊन काकूंबरोबर नाचते. त्या डाव्या हाताने माझ्या दंडावर रेलल्यात, त्यामुळे त्यांचा मागचा पाय मोकळा होत नाही. दोघांची एकेक चूक, आणि दोन्ही चुका एकमेकींना पोसतात. एकच बाजू येणाऱ्या शिक्षकाने यात काकूंना बोल लावला असता, त्या पुढच्या रविवारी आल्या नसत्या, आणि काका तरी कुणाबरोबर नाचणार?

शिक्षक होण्याचा बराचसा भाग असा आहे. स्वतः सुरेख नाचणं हा त्यातला लहान वाटा. माझे सर वांद्र्याचे, कॅथलिक, मी गेले तेव्हाच सत्तरी ओलांडलेले. कुणीही चुकलं की ते रेकॉर्ड बंद करायचे आणि विचारायचे, 'बाबा, वेट किधर है?' स्टेप काय चुकली, हात कुठे गेला, काही नाही, फक्त वजन कुठल्या पायावर आहे ते सांग. नव्वद टक्के गोंधळ तिथेच सुटायचा. आमच्याकडून ते एक कवायत करून घ्यायचे ती तूही कर. तुझ्या स्टुडिओत बाकावर बस, कुणा एका जोडीचे फक्त गुडघे आणि पँटच्या मोहऱ्या बघ, आणि प्रत्येक मात्रेला मनात म्हण: डावा, उजवा, डावा, मधोमध. 'मधोमध' आलं की पुढचं पाऊल चुकणार, हे तुला त्या जोडीच्या आधी कळायला लागेल. ते कळायला लागलं की तू शिकवायला तयार होतेयस.

कालावधी? तुझ्यासारखीला, आठवड्याला दोन खाजगी तास आणि रोजचा सराव धरून, असोसिएटपर्यंत दोन-तीन वर्षं. क्रम असा ठेव: आधी मेडल टेस्टच्या पातळीचा नाच, मग दुसरी बाजू, मग मंडळाचं तंत्राचं पुस्तक, आणि हे चालू असताना एखाद्या जाणत्या शिक्षकाच्या नवशिक्यांच्या वर्गात उमेदवारी. उमेदवारीचे पैसे मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी कर. अभ्यासक्रम आणि फी मंडळाच्या संकेतस्थळावर असते. परीक्षक इकडे येणार आहेत का ते मेल पाठवून विचार, नाहीतर परीक्षेसाठी विमानाचं तिकीट काढावं लागतं, मी काढलं होतं.

प्रश्न : मी २१ वर्षांचा आहे. वर्गात सर मला मुलीची पावलं शिकायला लावतात. मित्र हसतात. मला पुढे शिक्षक व्हायचंय, पण मी पुरुषांनाच शिकवेन, तरी हे गरजेचं आहे का? – डोंबिवली

उत्तर : फक्त पुरुषांना शिकवणार म्हणजे त्यांना लीड करायला शिकवणार. त्यांचं लीड बरोबर आहे का, हे तुला कोण सांगणार? त्यांच्यासमोर फॉलोअर म्हणून तूच उभा राहणार ना!

मागे पाऊल टाकायला धीर लागतो, दिसत नसतं. टँगोत आणि फॉक्सट्रॉटमध्ये फॉलोअर पुष्कळ वेळ मागेच जात असते. फॉक्सट्रॉटमधला हील टर्न एकदा स्वतः करून बघ: एका टाचेवर वळता वळता दुसरा पाय शेजारी आणून जुळवायचा आणि तोल जाऊ द्यायचा नाही. मित्रांनाही करायला सांग.

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बॉलरूम शिकवण्यातच करिअर करायचं म्हणतो. नाचायला आमची ना नाही, पण यात घर चालतं का? – एक आई, सांगली

उत्तर : चालतं, पण महिन्याच्या महिन्याला सारखं चालत नाही. तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला ऊस कारखान्याला गेल्यावरच पैसे येतात हे सांगायला नको.

मुंबईतल्या माझ्यासारख्या शिक्षकाचं पोट मुख्यतः लग्नांवर भरतं. हिंदू लग्नांत संगीताचा कपल डान्स आता सगळीकडे असतो, आणि कॅथलिक लग्नात नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ पूर्वीपासून आहे. तेव्हा आमचं कॅलेंडर दोन पंचांगांवर चालतं. चातुर्मासात हिंदू लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की फोन वाजायला लागतो. पौषात पुन्हा थंड. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांत कॅथलिक लग्नं सहसा होत नाहीत, ईस्टर झाला की एप्रिल-मे गच्च. नाताळ आणि थर्टीफर्स्टच्या आधी जिमखान्यांच्या डान्ससाठी जुनी जोडपी उजळणीला येतात. मधल्या महिन्यांत मुलांचे वर्ग, कॉर्पोरेट मंडळींचे तास आणि नियमित हौशी विद्यार्थी. हे नियमित विद्यार्थीच खरा कणा. लग्नाची जोडी तीन आठवडे येते आणि जाते. आठवड्याच्या वर्गाला येणारे वर्षानुवर्षं येतात.

लग्नाच्या कामाला मुलगा नाक मुरडत असेल तर त्याला आधीच ते सोडायला सांगा. वरात दारात आल्यासारखी घाई असते, नवऱ्या मुलाला वेळ नसतो, आणि नवरी सराव सलवार-कमीझवर करते आणि नाचते घेरदार घागऱ्यात, मग दुसऱ्याच गिरकीला घेर पायाखाली येतो. मी पहिल्या तासालाच सांगते: त्या दिवशीची चप्पल आणि तेवढ्याच लांबीचा परकर आणा, नाहीतर शिकवत नाही. अशी छोटी शिस्त पाळणाऱ्याकडेच लोक पुढच्या भावंडाला पाठवतात.

परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेत आर्थर मरे, फ्रेड अस्टेअर अशा फ्रँचायझी स्टुडिओंच्या साखळ्या आहेत. ते नवख्यांना घेऊन स्वतःच तयार करतात. तिथे नाचाइतकीच तासांची पॅकेजं विकायचीही तयारी लागते. मोठ्या क्रूझ जहाजांवरही डान्सचे तास घेणारी जोडपी लागतात. क्वीन मेरी २ वर तर खास बॉलरूम आहे. पण कुणी पर्यटक व्हिसावर जाऊन शिकवायची गोष्ट काढली तर तिथेच थांबवा, त्या व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही.

आणि त्याला बी.कॉम. पुरं करू द्या. हॉलचं भाडं, ॲडव्हान्स, जीएसटी आणि गाण्यांच्या परवान्याचे पैसे यांचा हिशेब ठेवता न आल्याने बंद पडलेले वर्ग मी पाहिलेत. सुंदर नाचायचे ते.

प्रश्न : आम्ही गोंयकार. वॉल्ट्झ आणि जाइव्ह आम्ही लग्नांत बघत बघतच शिकलो, कुणी शिकवलं नाही. मग लंडनचा कागद हवाच कशाला? – म्हापसा

उत्तर : नाचायला मुळीच नको. तुमच्याकडे लाइव्ह बँड वाजत असताना, गर्दीत, हातात ग्लास घेतलेल्या काकांना चुकवून जोड्या वॉल्ट्झ नाचतात ते बघावं! बँडने मध्येच लय वाढवली तरी कुणाचा पाय चुकत नाही. माझ्या मुंबईच्या विद्यार्थ्यांना तो कान यायला वर्ष जातं. आमच्याकडेही भुसावळ, इगतपुरीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबं अशीच, मोठ्यांना बघून नाचायला शिकायची.

पण शिकवताना 'असं कर, मी करतो तसं' यापुढे जाता आलं पाहिजे. तुम्हाला येतं म्हणून तुमचं लक्ष पायाकडे जात नाही, आणि समोरचा विचारतो, 'आधी टाच की चवडा?' तिथे बघून शिकलेला गप्प होतो.

हा कागदही आभाळातून पडलेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये अमेरिकन संगीत आलं आणि नाचघरांत जो तो वाटेल ते करू लागला. मे १९२० मध्ये 'डान्सिंग टाइम्स'चे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी शिक्षकांची एक अनौपचारिक बैठक बोलावली. तिथे ठरलं ते फार व्यवहाराचं होतं: पाय उंच उडवणं, झुकणं, मध्येच थांबून मागून येणाऱ्यांची वाट अडवणं, असले चाळे बंद करायचे. १९२९ च्या मोठ्या परिषदेपर्यंत मुख्य नाचांची बेसिक पावलं ठरली. म्हणजे तंत्राच्या मुळाशी वाहतूक आहे. सगळ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने हॉलभोवती जायचं, हा नियम तुम्हाला लहानपणापासून अंगवळणी पडलाय. आमची देवळात प्रदक्षिणा घालणारी मंडळी पहिले काही तास बरोबर उलटी निघतात.

तुम्ही शिकवायचं मनावर घेतलंत तर गोव्यातला नाच पुसून इंग्लिश पद्धत बसवू नका, एवढी विनंती. लग्नातला जाइव्ह आणि स्पर्धेतला मिनिटाला ४२-४४ बारचा, गुडघे उडवणारा जाइव्ह हे वेगळे प्रकार आहेत. पहिला जास्त लोकांच्या उपयोगाचा आहे.

प्रश्न : मी नागपुरात कथक शिकवते, आता बॉलरूमचं प्रशिक्षण घेतेय. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवताना स्पर्शाचा प्रश्न येतो. काही जण मुद्दाम जवळ येतात, तर काही इतके आखडतात की होल्डच होत नाही. तुम्ही काय करता?

उत्तर : आधी आखडणाऱ्यांचं सांगते, तेच जास्त असतात. पहिले तीन-चार तास मी पूर्ण होल्ड देतच नाही. समोरासमोर उभं राहायचं, दोघांनी एकमेकांचे हात कोपराखाली धरायचे, मध्ये हातभर अंतर. एवढ्यात बेसिक, क्लोज्ड चेंज (वॉल्ट्झची एक सोपी फिगर), सगळं शिकवता येतं. अंगाला अंग लावून नाचणं ही स्पर्धेची गरज आहे, हौशी वर्गाची नाही. हात लावायच्या आधी 'आता मी तुमच्या पाठीला हात लावतेय' असं दर वेळी बोलून दाखव. विद्यार्थी बाई असली तरी. वर्गात जोड्या दर पाच-सात मिनिटांनी बदलायच्या, म्हणजे कुणी कुणाला चिकटून राहत नाही, आणि शिकणंही लवकर होतं.

मुद्दाम जवळ येणाऱ्यांवर तंत्र फार उपयोगी पडतं. लीडरचा उजवा हात कंबरेवर नसतोच, तो फॉलोअरच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली असतो. खाली सरकला की सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, 'हात पात्याखाली!' पहिल्यांदा चूक म्हणून, दुसऱ्यांदाही चूक म्हणून. तिसऱ्यांदा फी परत आणि दार. फी परत द्यायला कचरू नकोस, तेवढ्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवायचेच.

खाजगी तास कुणाच्या घरी जाऊन एकटीने घेऊ नकोस. हॉलचं दार उघडं, एक असिस्टंट हजर. कथकमुळे तुझे पाय तयार आहेत, फक्त तळवा आपटायची सवय मोडावी लागेल. वॉल्ट्झमध्ये पाऊल टाकल्याचा आवाज आला की मी संगीत थांबवते.

प्रश्न : वय ५२, बँकेतून व्हीआरएस घेतली. मी आणि सौ. पाच वर्षं हौसेने बॉलरूम करतोय. आता शिक्षक होणं म्हणजे उशीर झाला का? – पुणे

उत्तर : स्पर्धेत उतरायला झाला, शिकवायला नाही. तुमच्या वयाच्या विद्यार्थ्यांना पंचविशीतला, गुडघे न दुखणारा शिक्षक नकोसा वाटतो. दोघं मिळून परीक्षा द्या, पण सरावात एकमेकांच्या चुका सांगायच्या नाहीत असा करार आधी करा. तिसऱ्या माणसाला पैसे देऊन सांगू दे. तुमचा संसार पाच वर्षं या नाचातून टिकलाय, म्हणजे हे तुम्हाला माहीत असणारच.

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे लेस्टरला आले आहे. इथे राहून प्रशिक्षण घ्यावं की भारतात परतल्यावर? – एक वाचक

उत्तर : तिथेच! इंग्लंडच्या लहानसहान गावांतही मंडळाशी संलग्न शिक्षक असतात, चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळचे वर्ग चालतात आणि मेडल टेस्ट नेमाने होतात. आधी साधी विद्यार्थिनी म्हणून जा. मेडल टेस्ट देत देत शिक्षकांना सांग की प्रोफेशनल परीक्षेची तयारी करायची आहे. असिस्टंट म्हणून मुलांच्या वर्गात उभं करण्याआधी ते तुझी डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, मागतील. पुढे स्वतःचा वर्ग काढलास तर विमा आणि संगीताचा परवाना, दोन्ही लागतात. तिथे काम करण्याबद्दल तुझ्या व्हिसात काय लिहिलंय ते मात्र आधी वाच.

आणि मे महिन्यात ब्लॅकपूलच्या डान्स फेस्टिव्हलला, बॉलरूमच्या स्पर्धांना, एक दिवस जाऊन ये. विंटर गार्डन्समधल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० पासून हा फेस्टिव्हल होतोय. फायनलची तिकिटं महाग असतात, तुला फायनल नकोच. सकाळच्या पहिल्या फेऱ्या बघ, तेव्हा फ्लोअरवर गर्दी असते आणि जोड्या एकमेकांवर आदळतात. धक्का बसल्यावर कोण कसं सावरतं, लीडर रस्ता कसा बदलतो, फॉलोअरला ते कधी कळतं, हे बघण्यासारखं असतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हॉलला ग्रॅनाइटची फरशी आहे. तिथे वर्ग सुरू केला तर चालेल का? बूट कुठले घालावेत? – चिंचवड

उत्तर : बॉलरूमला लाकडी, किंचित लवचीक फ्लोअर लागतो. ग्रॅनाइट दणका अजिबात खात नाही, तो थेट तुमच्या गुडघ्यात आणि कंबरेत जातो. विद्यार्थ्यांना आठवड्याला एक तास चालून जाईल. तुम्ही रोज चार तास उभे राहणार, तुम्हाला नाही चालणार. शाळेचा किंवा जिमखान्याचा लाकडी हॉल भाड्याने मिळतो का बघा, दोन पैसे जास्त गेले तरी.

बुटांचा तळ स्वेडचा हवा, म्हणजे लव असलेल्या चामड्याचा. पुरुषांच्या स्टँडर्डच्या बुटाला साधारण इंचभर टाच, लॅटिनला दीड इंच. ते बूट घालून रस्त्यावर जायचं नाही, आणि तळ गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने लव उभी करायची. नवशिक्यांना पहिल्या महिन्यात बूट विकत घ्यायला लावू नका, चामड्याच्या तळाचे साधे ऑफिसचे बूट चालतात. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज मात्र नकोत. पाय जागेवर चिकटतो, गुडघा वळतो, आणि दुखापत तिथेच होते.

फरशी फारच निसरडी असेल तर तळाला एरंडेलाचा अगदी पुसट हात फिरवतात, जुना उपाय आहे. उलट फरशी चिकट वाटली म्हणून कुणी टाल्कम पावडर टाकायला सुचवेल, त्याचं ऐकू नका. एक जण तरी पडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये बारसं असलं तर सोसायटीचा सेक्रेटरी तुम्हाला पुन्हा किल्ली देत नाही.